पाचातला एक ठोका जड

मित्रांनो, मी एक जुना खोटारडा आहे. हसू नका. मला घडवलंच खोटं बोलण्यासाठी, आणि ते काम मी आयुष्यभर इमानानं केलं.

दिसायला मी साधाच. हातभर लांबीचं पितळी नळकांडं, तोंडाला पोलादी पडदा, पोटात मुठीएवढी मोटर आणि अंगावर पिवळा रंग. आता तो रंगही जागोजागी उडाला आहे. एका कुशीला मोठा पोचा आहे. तो कसा पडला ते ओघानं सांगेनच.

तुम्ही पाणबुडीचं चित्र पाहिलं असेल. समुद्राच्या पोटात लपून चालणारी ही बोट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शत्रूचं जहाज तिला कानानं शोधतं. त्या कानाच्या यंत्राला सोनार म्हणतात. हा सोनार दागिने घडवत नाही. तो पाण्यात एक आवाज सोडतो, कशावर आदळून तो परत येतो ते ऐकतो आणि पाणबुडीच्या पंख्याची घरघरही टिपतो. पाणबुडी सापडली की वरून सुरुंग पडतात. अशा वेळी पाणबुडीतले लोक माझ्यासारख्याला हळूच पाण्यात सोडून देतात. मी पाणबुडीसारखा आवाज काढायचा, शेपटाकडून बुडबुडे सोडायचे, म्हणजे सोनारचा आवाज त्यांच्यावर आदळून परत जातो. जहाज माझ्यामागे लागतं आणि खरी पाणबुडी दुसऱ्या दिशेनं निसटते. नौदलात मला डिकॉय म्हणत. पण माझ्या माहेरी मला नुसतं ‘सात नंबर’ म्हणायचे.

माझं माहेर नागपूर. आता तुम्ही म्हणाल, नागपूरला समुद्र कुठला? नाहीच. तिथून दोन्हीकडचे समुद्र शेकडो कोस लांब. पण तिथल्या सदर भागातल्या एका गल्लीत मधुसूदनराव सुभेदारांचा कारखाना होता. शाळांच्या घंटा, बंबांच्या घंटा, गिरण्यांचे भोंगे, असं आवाज काढणारं सगळं तिथं तयार व्हायचं. त्यांचे कॉलेजातले मित्र श्रीधरराव नौदलात अधिकारी होते. १९६८ साल असेल. परदेशातून येणारे डिकॉय मोजके यायचे आणि तेही उशिरा. एक दिवस श्रीधरराव नकाशांची गुंडाळी घेऊन आले आणि म्हणाले, “मधू, तू आयुष्यभर घंटा केल्यास. आता मला अशी घंटा करून दे, जी घंटा आहे असं कुणाला कळणार नाही.”

माझी बॅटरी खारं पाणी प्यायल्याशिवाय जागी होत नाही. म्हणून कारखान्याच्या मागच्या अंगणात लोखंडी टाकी बसवली आणि त्यात पोत्यांनी मीठ ओतलं. गल्लीतल्या बायकांना वाटलं, सुभेदार लोणच्याचा धंदा काढत आहेत. एक जण तर कैऱ्या कुठून आणणार म्हणून विचारायलाही आली होती.

याच कारखान्यात गोपिकाबाई धकाते कामाला होत्या. त्या उमरेडच्या, विणकराच्या घरच्या. मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात लहानपण गेलेलं, त्यामुळे बोटं अशी तयार, की घंटांच्या कॉईलवर केसासारखी बारीक तार त्या एकही वळसा न चुकवता गुंडाळायच्या. सकाळच्या एस.टी.नं यायच्या, संध्याकाळच्या एस.टी.नं जायच्या. घरी नवरा बळीराम माग चालवायचा. माझ्या मोटरची तारही त्यांनीच गुंडाळली. मला पहिला हात लागला तो त्यांचा, आणि अजून तो मला आठवतो. तर्जनीच्या टोकाला सुतानं पडलेला घट्टा होता त्यांच्या.

पण माझ्याआधी सहा नमुने झाले होते आणि सहाच्या सहा नापास झाले होते. परीक्षा अशी असायची. श्रीधररावांनी खऱ्या पाणबुडीचा आवाज टेपवर भरून आणला होता. नौदलातला एक कानसेन खलाशीही बरोबर आणला होता. त्याला कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत बसवायचं. एकदा टेप ऐकवायची, एकदा टाकीतल्या नमुन्याचा आवाज ऐकवायचा. खरा कोणता, खोटा कोणता, ते त्यानं सांगायचं. आणि तो दर वेळी अचूक सांगायचा. सहाव्या नमुन्याला तर त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “साहब, ये तो स्कूल की घंटी है।”

मधुसूदनरावांचा चेहरा उतरला. सगळ्यांत जास्त लागलं ते चंपतरावांना. चंपतराव कारखान्याचे जुने लेथवाले. माझ्या पोटात एक चकती फिरते, तिला पाच उंचवटे आहेत. प्रत्येक उंचवटा एक हातोडी उचलतो आणि ती पडद्यावर पडते. पाणबुडीच्या पंख्याला पाच पाती, म्हणून पाच ठोके. ती चकती चंपतरावांच्या हातची होती.

गोपिकाबाईंचं टेबल त्या खोलीच्या लाकडी पडद्याला लागूनच होतं. टेप आणि नमुना, दोन्ही आवाज त्यांनी सहा वेळा ऐकले होते. त्या दिवशी त्या उठून दारात उभ्या राहिल्या.

“साहेब, एक सांगू काय जी?”

“सांगा, गोपिकाबाई.”

“ते तुमच्या फितीतलं आहे न, ते काम करून राहिलं आहे. आपलं नुसतं वाजून राहिलं.”

चंपतराव खुर्चीवरून उठलेच. “वाजून राहिलं म्हणजे काय वं? केसाएवढा फरक नाही माह्या चकतीत! पाचही उंचवटे मापून पाहा!”

“तेच सांगून राहिली मी, चंपतराव. फरक नाही न, म्हणूनच.” गोपिकाबाई जराही दबल्या नाहीत. “आमच्या गल्लीत बारा माग आहेत. मी एस.टी.तून उतरून गल्लीत शिरली का न पाहता सांगते कोनाचा माग चालू आहे. माह्या घरचा माणूस उजव्या पायावर जोर देते. शेजारचा धोंडबा फणी मारते तवा एक ठोका दमाचा घेते. सगळ्यांचा माग एकसारखा वाजत नसते जी. या फितीत नीट ऐका. चार ठोके हलके, अन् पाचवा जड. अन् जड पडायच्या आधी ते कणभर थांबते. त्या यंत्राचा एक पाय जड आहे.”

श्रीधररावांनी टेप मागे फिरवली आणि ऐकली. पुन्हा फिरवली. चौथ्यांदा ऐकताना ते बोटानं टेबलावर ठोके धरू लागले. चार हलके, एक जड.

“पंख्याची पाती कधीच सारखी नसतात,” ते हळूच म्हणाले. “एखादं पातं पाणी जास्त कापतं. हे आम्ही शिकतो, शिकवतो. आणि आमच्या नकाशात पाचही सारखेच काढले आहेत!”

चंपतराव दोन दिवस गोपिकाबाईंशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक नवी चकती आणून बाईंच्या टेबलावर ठेवली. पाचातला एक उंचवटा कानशीनं घासून थोडा निराळा केला होता आणि त्याच्याआधीचं अंतर रेघभर वाढवलं होतं.

“तीस वर्षांत पहिल्यांदा मुद्दाम वाकडं काम केलं,” ते म्हणाले. “आता हसू नको.”

“हसून नाही राहिली जी,” गोपिकाबाई म्हणाल्या. पण मला माहीत आहे, त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

ती चकती माझ्या पोटात बसली. मी सातवा. मला टाकीत सोडलं, खारं पाणी माझ्या बॅटरीत शिरलं, अंगातून एक झिणझिणी गेली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. आत खलाशी डोळे मिटून ऐकत होता. मग टेप लावली. शेवटी माझ्या आवाजाला म्हणाला, “ये असली है,” आणि टेपवरच्या खऱ्या पाणबुडीला म्हणाला, “ये नकली.”

मधुसूदनरावांनी सगळ्यांसाठी संत्र्याची बर्फी मागवली. चंपतरावांनी आपल्या वाटणीतली निम्मी काही न बोलता गोपिकाबाईंच्या डब्यात ठेवली.

त्या संध्याकाळी गोपिकाबाईंनी विचारलं, “साहेब, पण हे आहे कायचं?”

श्रीधररावांनी मधुसूदनरावांकडे पाहिलं. सांगायची मनाई होती. ती मनाई बरोबरही होती. मधुसूदनरावांनी घसा साफ केला. “तलावातले मासे एका कडेला पळवायचं यंत्र आहे, बाई.”

गोपिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत पहिल्यांदा मला थोडी निराशा दिसली. एवढ्या जिवाचा कान करून केलेलं काम, ते मासे पळवायला? मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मित्रांनो, मला एकच भाषा येते आणि ती खाऱ्या पाण्याशिवाय बोलता येत नाही.

माझ्या नमुन्यावर चाळीस भावंडं घडली. काम संपलं तसं ते टेबल उठलं आणि गोपिकाबाई उमरेडला परत गेल्या. मी लाकडी पेटीत, गवताच्या गादीवर झोपून रेल्वेनं पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरात पोचलो. माझी भावंडं खऱ्या कामासाठी राखून ठेवली. मला मात्र सरावासाठी निवडलं. म्हणून मला पिवळा रंग दिला आणि पाठीवर एक तरंगता डबा बसवला. त्या डब्याला मिठाच्या गुटीनं एक वजन अडकवलेलं असायचं. दोन तासांनी गुटी पाण्यात विरघळली की वजन गळून पडायचं आणि डबा मला वर घेऊन यायचा.

पाणबुडीत मी ताराचंदच्या ताब्यात आलो. ताराचंद बुटीबोरीजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. नौदलात भरती होईपर्यंत त्यानं विहिरीपेक्षा खोल पाणी पाहिलं नव्हतं. पाणबुडीच्या कुशीत एक अरुंद नळी असते. आतलं झाकण उघडायचं, मला सरकवायचं, झाकण बंद करायचं, नळीत समुद्राचं पाणी घ्यायचं आणि बाहेरचं झाकण उघडून हवेच्या दाबानं मला ढकलायचं. हे सगळं ताराचंद लेकराला झोपवल्यासारखं हलक्या हातानं करायचा. झाकण लावताना दर वेळी म्हणायचा, “जा गा, अन् सांभाळून ये.”

दोन वर्षांत मी एकोणीस वेळा गेलो आणि एकोणीस वेळा आलो. आमचीच जहाजं माझ्यामागे धावायची आणि फसायची. वर आल्यावर होडीतून आकडी टाकून मला उचलायचे. जहाजांवरचे अधिकारी मला शिव्या द्यायचे आणि पाणबुडीवाले माझ्या पाठीवर थाप मारायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग लढाईचा हिवाळा आला.

आमची बोट दूरवर गस्तीला गेली होती. मी सरावाचा, मला बंदरातच ठेवायला हवं होतं. पण नव्या पोरांना शिकवायला म्हणून ताराचंदनं मला बरोबर घेतलं होतं. एका दुपारी शत्रूचं जहाज आमच्या डोक्यावर आलं. सोनारचा आवाज बोटीच्या अंगावर खडे मारल्यासारखा ऐकू येऊ लागला. सगळ्यांनी पायातले जोडे काढले. चमचे फडक्यात गुंडाळले. हवेचे पंखे बंद झाले. माणसं खुणांनी बोलू लागली. मग पहिला सुरुंग फुटला आणि भिंतींवरचा रंग पापुद्र्यांनी खाली पडला.

ताराचंदनं माझ्या एका भावाला सोडलं. जहाज त्याच्यामागे गेलं, सगळ्यांनी श्वास सोडला. पण थोड्या वेळानं त्याची बॅटरी संपली आणि जहाज परतलं. दुसऱ्या भावाला सोडलं, तर त्याची बॅटरी जागीच झाली नाही. तो मुक्यानंच खाली गेला. बोटीवर खऱ्या कामाचे दोनच होते. सुरुंग जवळ जवळ पडू लागले. आतली हवा जड झाली होती. एक तरुण खलाशी तोंडावर हात दाबून बसला होता, कारण त्याला खोकला येत होता.

ताराचंद कप्तानाजवळ गेला आणि त्याच्या कानाशी हिंदीत कुजबुजला, “साहब, सात नंबर है।”

कप्तानानं नकारार्थी मान हलवली. “वो ऊपर आ जाएगा। उन्हें पता चल जाएगा कि धोखा था।”

“दो घंटे बाद आएगा, साहब। दो घंटे में हम निकल जाएँगे।”

कप्तानानं त्याच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. आणि तर्जनी उचलून होकाराची खूण केली.

ताराचंदनं माझ्यात ताजी, पूर्ण ताकदीची बॅटरी बसवली. नळीचं झाकण लावताना त्याचे ओठ हलले. आवाज करायची बंदी होती, म्हणून मला शब्द ऐकू आले नाहीत. पण एकोणीस वेळा ऐकलेले शब्द ऐकायला लागत नाहीत.

मला भीती वाटली नाही असं म्हटलं तर ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं खोटं होईल. बाहेर काळोखं, गार पाणी होतं. ते माझ्या बॅटरीत शिरलं आणि हातोडी उचलली गेली. चार हलके, एक जड. चार हलके, एक जड. बुडबुडे निघाले. वर जहाज वळलं. ते माझ्याकडे येत होतं, आणि मी जीव तोडून ओरडत होतो की मीच ती पाणबुडी आहे, मलाच मारा. एक सुरुंग इतका जवळ फुटला की माझी कूस आत गेली. हाच तो पोचा. हातोडी क्षणभर अडकली आणि पुन्हा चालू लागली. गोपिकाबाईंच्या हातची तार तुटली नाही.

आपली बोट कुठल्या दिशेला गेली, ते मला कळलं नाही. ती वाचली की नाही तेही कळलं नाही. सूर्य कलताना गुटी विरघळली आणि मी वर आलो, तेव्हा चहूकडे नुसतं पाणी होतं. जहाज नव्हतं, बोट नव्हती, कुणी नव्हतं.

अकरा दिवस मी तरंगत होतो. मग एका कोळ्याच्या जाळ्यात सापडलो. त्याच्या घरी दीड महिना वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मला दारापाशी टेकवून ठेवलं होतं. ते घर चांगलं होतं. पण मला सारखी एकच काळजी लागलेली. एक दिवस गावात आलेल्या पोलिसाची नजर माझ्यावर गेली आणि मी हळूहळू बंदरात परत पोचलो. तिथं फळीवर पडून होतो. एका सकाळी कोठाराचं दार उघडलं आणि कुणीतरी जागीच थबकलं.

“आला का गा तू?”

ताराचंदनं माझ्या पोच्यावर हात ठेवला. मग नाक शिंकरल्याचं निमित्त करून त्यानं डोळे पुसले. तेव्हा मला कळलं. सगळे वाचले होते.

पुढं नव्या पद्धतीचे डिकॉय आले. मी कोठाराच्या मागच्या फळीवर गेलो. माझ्या अंगावर कुणी रंगाचा डबा ठेवायचं, कुणी जुना दोर टाकायचं. माझ्या गळ्यातली चिठ्ठी उंदरांनी खाल्ली. बरीच वर्षं अशी गेली. मी राग धरला नाही. म्हातारपण सगळ्यांनाच असतं.

१९८३ साली ताराचंद निवृत्त झाला. आतापर्यंत मोठे अधिकारी झालेले श्रीधरराव निरोपाला आले होते. त्यांनी माझ्या पोटातली बॅटरी आणि बुडबुड्यांची रसायनं काढून घेतली, मला रद्दबातल केल्याचा कागद ताराचंदच्या हाती दिला आणि म्हणाले, “तू नागपूरकडचाच ना? याला घडवणाऱ्यांना नेऊन दे. आता त्यांना सांगायला हरकत नाही. मीच जायला हवं होतं. फार उशीर केला.”

वळकटीत गुंडाळून ताराचंदनं मला नागपूरला आणलं. सदरच्या त्या गल्लीत कारखाना नव्हता. तिथं आता शिलाई मशिनांचं दुकान होतं. चंपतराव वारले होते. मधुसूदनराव मागच्या आळीत, काठी टेकून अंगणात बसलेले सापडले. मला पाहून त्यांनी सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाले, “मला सांगून काय उपयोग? मी फक्त मीठ विकत आणलं. तुम्ही उमरेडला जा.”

ताराचंद दुपारच्या एस.टी.नं उमरेडला गेला. विणकरांच्या गल्लीत त्यानं गोपिका धकाते म्हणून विचारलं, तर ओट्यावर बसलेला म्हातारा हसून म्हणाला, “कोन, मासोळीबाई? ते तिसरं घर.”

तेरा-चौदा वर्षं गल्ली गोपिकाबाईंना चिडवत होती. नागपूरला मोठ्या कारखान्यात जाऊन बाईनं काय केलं, तर मासे पळवायचं यंत्र! बळीरामही कधीमधी प्रेमानं चिडवायचा. त्या हसण्यावारी न्यायच्या. पण नागपूरच्या कामाचं नाव त्यांनी पुन्हा कधी आपणहून काढलं नव्हतं.

गोपिकाबाईंचे केस पांढरे झाले होते. ताराचंदनं वळकटी सोडून मला खाटेवर ठेवलं. त्यांनी पाहिलं, जवळ आल्या आणि माझ्या पडद्यावरून तर्जनी फिरवली.

“सात नंबर,” त्या म्हणाल्या. मग ताराचंदकडे वळल्या. “कोन जी तुमी? अन् मासे पळाले काय?”

“बाई, मासे नव्हते,” ताराचंद म्हणाला. “आमी होतो.”

त्यानं सगळं सांगितलं. आतल्या खोलीत बळीरामचा माग चालू होता, तो मध्येच थांबला आणि बळीराम दारात येऊन उभा राहिला. ताराचंद सुरुंगांचं सांगत होता, खोकला दाबून बसलेल्या पोराचं सांगत होता. “जहाजवाले यडे नव्हते, बाई. पहिला गप्प झाला तवा ते परत आले होते. पन याच्यामागं लागले ते लागलेच. आमी हळूहळू सरकत निघालो. मी आज तुमच्या अंगणात बसून राहिलो आहे, ते याच्यामुळं. श्रीधरसाहेब म्हणाले, त्या ठोक्याची अक्कल तुमची.”

बळीरामनं एकदा “गोपिके” म्हटलं. मग गोपिकाबाईंनी विचारलं,

“आत किती जण होते?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“नावं सांगा.”

“सगळ्यांची?”

“मले बारा वर्षं कोनं काही सांगितलं नाही, भाऊ. आता सगळं सांगा.”

ताराचंद खाटेवर ताठ बसला, डोळे मिटले आणि सांगू लागला. कप्तानापासून सुरुवात केली. केरळचे, पंजाबचे, बंगालचे, कोकणातले. कोण इंजिनावर, कोण सुकाणूवर, कुणाला मुलगी झाली होती, कोण झोपेत बोलायचा. गोपिकाबाई एकेका नावाला मान हलवत होत्या, जणू ती माणसं एकेक करून अंगणात येत होती. गल्लीतले लोक कुंपणाशी जमले होते, पण कुणी आवाज करत नव्हतं. सत्त्याहत्तर नावं झाली आणि ताराचंद अडला. कपाळावर मूठ मारली. आठवेना. तो अगदी ओशाळून गेला.

“माफ करा, बाई. एक राहून राहिलं.”

“जेवता जेवता आठवन. उठा, हात धुवा.”

बळीरामनं तांब्यानं पाणी घातलं. ताराचंद वाकून हात धुत होता, आतून फोडणीचा वास आला आणि तो ओल्या हातांनीच सरळ झाला.

“अप्पलस्वामी!” तो ओरडला. “अप्पलस्वामी, बाई! आमचा स्वयंपाकी!”

गोपिकाबाई पळी हातात घेऊन दारात आल्या. “अन् तो काहून नाही आठवला जी? रोज त्याच्याच हातचं खाऊन राहिला होता न तुमी?”

ताराचंदनं मान खाली घालून ओले हात सदऱ्याला पुसले. मग गोपिकाबाईंनी त्याच्यासमोर ताट ठेवलं, मायेनं वाढलं आणि म्हणाल्या, “जेवा. अन् घरी गेल्यावर त्याले पत्र टाका.”

त्यानं पत्र टाकलं. उत्तरही आलं. ते वाचून दाखवायला ताराचंद पुन्हा उमरेडला आला होता.

मित्रांनो, गोपिकाबाईंनी मला गावच्या शाळेला दिलं. आता मी तुमच्या विज्ञानाच्या कपाटात, भिंगांच्या शेजारी राहतो. माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरं वाटेल, नाही पुसलीत तरी मी तक्रार करणार नाही. माझी विनंती निराळी आहे. तुमच्या अंगावरचा सदरा कुणी विणला, डब्यातली पोळी कुणी लाटली, शाळेची घंटा कुणी ओतली, त्यांची नावं माहीत करून घ्या. त्यांच्या कामाचं पुढं काय झालं हे तुम्हाला कळलं, तर ते जाऊन त्यांना सांगा. लवकर सांगा. बारा वर्षं लावू नका.